दार बंद, सरासरी

परीक्षा सोमवारी.
आज शनिवार, ओपीडी भरलेली, आणि माझ्या कोटाच्या खिशात
चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या, रबरबँड लावून.
एका बाजूला शब्द, पाठीमागे अर्थ.

दोरीचा साप दिसला, तर भ्रम.
दोरीच नसताना साप आला, तर भास.
साप आहेच, तो जावेनं सोडलाय, पोलीसही तिला सामील,
आणि दहा जणांनी दोरी हातात दिली तरी मत हलत नाही,
ती तिसरी चिठ्ठी. तिचा कोपरा दुमडलाय.

मी ठाण्यातलीच. नौपाड्याची.
वर्गात कुणी खुळ्यासारखं वागलं की बाकीचे ओरडायचे,
ह्याला ठाण्याला पाठवा रे!
ठाण्यातच होतो सगळे.
बाईसुद्धा हसायच्या.

अकराला हिरामण मढवी येतात, ऐरोलीहून, दोन बस बदलून.
वीज मंडळात मीटर रीडर होते.
चिठ्ठ्या बघून म्हणाले, "आणा इकडं. मी विचारतो."
हाताला बारीक कंप, त्यात चिठ्ठीही थरथरते.

"हॅलोपेरिडॉल?"
मान वाकडी होते, जबडा धरतो, पाय एका जागी ठरत नाहीत.
"त्याच्यावर?"
पॅसिटेन.
"तिनं तोंड कोरडं पडतं. बोलला नाहीत. अर्धा मार्क."
"क्लोझापीन?"
पांढऱ्या पेशी मोजत राहायच्या.
"आणि लाळ. उशी भिजते. आमच्या बाजूच्या खाटेवर होता एक."
"उदासीनता, किती दिवस?"
दोन आठवडे. कमीत कमी.
"मोजतं कोण?"
हे चिठ्ठीवर नव्हतं.

"उन्माद?"
सात दिवस, झोपेची गरज नाही, विचारांची धावाधाव,
स्वतःविषयी अवाजवी...
"माझे नऊ होते," ते म्हणाले.

नऊ दिवस ते जिने चढत होते.
एकेका मीटरसमोर उभे राहून वहीत शून्य लिहीत होते.
एकशे बारा घरं. सगळी बिलं माफ.
एका म्हातारीनं आरती ओवाळली,
एका पोरानं विचारलं, काका, आमच्या मामाचंपण कराल का?
केलं असतं, म्हणतात. त्याच रात्री जीप आली.
हे सांगताना त्यांचा चेहरा मी नीट पाहिला.
पश्चात्ताप कुठल्या रकान्यात लिहितात ते मला येतं.
हे ते नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट त्यांनी हात लांब करून वाचला,
भिंतीवरचं मीटर वाचावं तसा.
"पॉइंट आठ. तुमच्या पुस्तकात पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन. रीडिंग चोख."
थायरॉइड चोख. क्रिएटिनिन चोख.
दुखलं-खुपलं तर मनानं वेदनाशामक घेऊ नका,
पाणी भरपूर प्या, मीठ एकदम सोडू नका,
एवढं बोलून मी विचारलं, कसं वाटतं?
"बरं."
मी लिहिलं: मनःस्थिती सामान्य.

त्यांनी उलटं वाचलं. सवय असणार.
"मॅडम, घराला कुलूप असलं ना,
की आम्ही शेरा मारायचो, दार बंद.
आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी टाकायचो.
बिल निघायचं. कुणाची तक्रार नाही.
पण आत पंखा चालूय, का कुणी पडलंय,
ते वहीला काय ठाऊक?"

बाहेर शिपाई पुढचं नाव पुकारत होता,
दुसऱ्यांदा.

मी 'सामान्य' खोडलं. शाई पसरली.
बेल किती वेळा वाजवायची असते, मढवी?
"नियमानं दोनदा. मी तीनदा वाजवायचो."

जेवण जातं का?

ते थांबले. चिठ्ठ्यांना रबरबँड परत लावला,
एक फेर, मग दुसरा.
"काल पोरीनं ओले बोंबील तळले होते," म्हणाले.
"तोंडात पाच रुपयाचं नाणं धरल्यासारखी चव.
सहा महिने झाले.
तिला सांगितलं नाय. दोन जास्तच खाल्ले."

ही चिठ्ठी माझ्याकडे होती. एकाहत्तरावी.
पाठ होती.