साठ हजार भागिले तीस

आईला किलोमागे तीस रुपये मिळतात.
साल सोलायची. अख्खा गर एका टोपात, पाकळी दुसऱ्या,
तुकडा पडला तर त्याचे पैसे कापतात.

घाटावरच्या कॉलेजात, खिडकीकडच्या बाकावर,
वहीच्या शेवटच्या पानावर मी मांडलं:
एका सेमिस्टरचे साठ हजार
भागिले तीस.
दोन हजार किलो.
दिवसाला आठ किलो धरले तर अडीचशे दिवस,
आणि सेमिस्टर शंभरात संपतं.
फळ्याजवळ सर सांगत होते,
कुठलंच यंत्र घातलेलं सगळं परत देत नाही.
हे मी उतरवून घेतलं नाही.

तसं कर्ज होतं.
वेंगुर्ल्याच्या बँकेत तीन सह्या:
माझी, आईची,
आणि जामीनदार म्हणून परुळेकर मास्तरांची.
तेव्हापासून मास्तर सातेरीच्या देवळात भेटले की
विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?"
प्रश्न जुनाच,
फक्त उत्तरासाठी आता थांबायचे.

अर्ज मी कुणाला न सांगता भरला.
रत्नागिरीचं सरकारी कॉलेज, दुसऱ्या वर्षाला दोन जागा रिकाम्या,
उत्पन्नाचा दाखला जोडला तर फी जवळजवळ माफ.
त्या दाखल्यासाठी तहसीलात तीन खेपा.
आम्ही किती कमी कमावतो
हे सिद्ध करायलाही एसटीचं भाडं पडतं.

सोडून जाणाऱ्यासाठी सात खिडक्या असतात.
लायब्ररी, लॅब, हॉस्टेल, जिमखाना
(मी जिमखाना पाहिलाच नव्हता).
शेवटच्या खिडकीतले शितोळे म्हणाले,
"अनामत मिळणार नाही, नियम आहे,"
आणि तो नियम दाखवायला चष्मा शोधू लागले.
मी म्हटलं, राहू दे.
रूमवर कादंबिनी ट्रंकेवर बसून होती,
मला ती बंद करू देत नव्हती.
"इथे कंपन्या येतात गं. तिथे कोण येणार?"
बरोबर होतं तिचं.
अजूनही बरोबर आहे.

आंबोली उतरताना कान बंद झाले,
सावंतवाडीला उघडले.
वाडीत पहिला आवाज शेवंताकाकूचा:
"नापास झालंस काय गो?"
मी म्हटलं, नाही, बदललं.
"तांच तां," ती म्हणाली, आणि दारात वाळत घातलेले बांगडे उलटवले.

आई पायरीवर हात घासत होती.
डिंकाने काळी झालेली बोटं राखेनेही उजळत नाहीत.
मी सांगत गेले: गणिताचा पेपर पुन्हा द्यावा लागेल,
अनामत बुडाली,
कॉलेजचं नाव तेवढं मोठं नाही.
ती म्हणाली, "गेला काय तां नको सांगू.
कमी काय झाला तां सांग."

चार हजार दोनशे भागिले तीस.
एकशे चाळीस किलो.
साडेसतरा दिवस.

तिने अर्ध्या दिवसाकडे बराच वेळ पाहिलं.
"सतरा," म्हणाली,
"सतरा दिवसांत करतलंय."

पहिल्या वर्षाचं कर्ज तसंच आहे.
चार हजार किलो, वर व्याज,
आणि व्याज रविवारीही सोलत बसतं.
मास्तरांना सांगितलं तेव्हा
त्यांनी प्रसादाचा नारळ या हातातून त्या हातात घेतला.
मग पहिल्यांदाच विचारलं, "जेवण बरं असतं का तिथलं?"

जेवण बरं असतं.
वसतिगृहातून भाट्याची खाडी दिसत नाही,
सुकतीला वास मात्र येतो,
तेवढ्यावर मला वेळ कळते.
दोन कंपन्या आल्या यंदा. एक पंप बनवणारी,
दुसरी कशाची ते नीट कळलं नाही.

गेल्या आठवड्यात एसटीच्या पार्सलातून पुडी आली.
वर्तमानपत्रात बांधलेला तुकडा काजू,
ज्याचे पैसे कापले गेले तोच.
मुलींनी मुठी भरल्या.
माझ्या वाट्याचे मी मोजले नाहीत.

खोटं.
त्रेचाळीस होते.