शुक्रवारपर्यंत सांग

ओगुतूसाहेब म्हणाले, रुग्णालय एकाच परीक्षेचे पैसे देईल,
शुक्रवारपर्यंत सांग.
आज बुधवार.

किसुमूच्या बाजारात तिलापिया घेताना
मी गलफड उचलून बघते, डोळा बघते,
कोळिणीशी हुज्जत घालते.
या माहितीपत्रकांना गलफडं नाहीत.
सगळ्यांवर तोच हसरा माणूस, तोच इस्त्रीचा शर्ट.

पहिलं म्हणतं : तक्रार नोंदव, वर्गवारी कर,
ठरल्या वेळेत बंद कर.
हे मला येतं. नऊ वर्षं हेच करतेय.
प्रमाणपत्र मिळालं तर नवल फक्त भिंतीला.

दुसरं म्हणतं : विचार.
कुणाला काय हवंय, कशाला हवंय,
आणि जे मागतायत तेच हवंय का.
पण अर्जात आधी हिशेब द्यायचा,
आजवर किती तास 'विश्लेषण' केलं त्याचा.
माझ्या हजेरीपटात असा रकानाच नाही.

ओन्दिती म्हणतो, दोन्ही सोड, क्लाउडचं घे,
नैरोबीत पगार त्यालाच आहे.
तो त्यात तीनदा नापास झालाय.
सल्ला द्यायला परीक्षा नसते.

रात्री जेवण झाल्यावर सराव प्रश्न, क्रमांक एक्केचाळीस :
वापरकर्ता कळवतो, प्रिंटर चालत नाही.
तुमची पहिली पायरी कोणती?
अ, ब, क, ड.
चारही पर्यायांत सिस्टर अपोंदी नव्हती.

फेब्रुवारीत प्रसूती कक्षातून तिचे अकरा फोन.
अकरा वेळा जिने चढले,
अडकलेला कागद ओढला, बटण दाबलं,
तक्रार बंद, हिरवी खूण.
बाराव्या वेळी दमले होते म्हणून
तिच्या स्टुलावर टेकले, आणि बघत राहिले.

बाळाच्या मनगटावरच्या एका चिठ्ठीसाठी
ती चार पानांचा कोरा अर्ज छापत होती.
कात्रीने पट्टी कापायची, नाव हाताने लिहायचं, चिकटपट्टी.
कारण संगणक आईच्या नावाआधी विमा क्रमांक मागतो,
आणि पहाटे तीनला, कळा देताना,
विमा क्रमांक कुणाला पाठ असतो?

रोग रेड्याला नि औषध पखालीला.
आणि मी अकरा वेळा पखालच तपासली होती.

एक रकाना सक्तीचा होता, तो ऐच्छिक केला.
म्हणजे आधी तीन आठवडे विमा विभागाला पटवलं,
मग केला.
प्रिंटर अजून तोच आहे, खोकतो, पण चालतो.

तो स्टुलावरचा तास कुठे भरू?
दुसऱ्या अर्जात मी लिहिलं : एक.
मग विमा विभागाचे तीन आठवडे आठवले,
तिथल्या चहासकट.
एक खोडलं. बोटांवर मोजायला बसले.

फोन वाजला. अपोंदीच.
प्रिंटर गं, पुन्हा.

चपला शोधता शोधता विचारलं,
काय छापत होतीस?