गरवा

आगेरा होऊन महिना लोटला
तेव्हा कुठे आमच्या तुकड्याला रंग आला.
देवळात गेलेल्या पहिल्या लोंब्या हळव्या भाताच्या,
शेजाऱ्यांच्या, बँड लावून नेलेल्या.
आमच्या गरव्यावर कुणी पाणी शिंपडलं नाही.
रेमेतमावशी म्हणाली,
उशिरा पिकणाऱ्याला दहिवर पुरतं.

मी बँकेत दोन दिवसांची रजा टाकली.
कारण : घरगुती.
कुळवेमला शेत आहे म्हटलं
की साहेब विचारतात, किती चौरस फूट?

कायतानकाकाने आदल्या रात्रीच
विळ्यांना कानस मारून ठेवलेली.
सकाळी खाडीपलीकडचे टॉवर
कमरेपर्यंत धुक्यात,
आणि आम्ही पाच जण
कमरेपर्यंत भातात.

डाव्या मुठीत मावेल तेवढंच.
विळा आपल्याकडे ओढायचा, अंगठा वर.
वीतभर सोडून कापायचं,
बुडाशी चिखल असतो, दाणा मळतो.
मी तिसऱ्याच मुठीला करंगळी कापून घेतली.
काकाने तंबाखूची चिमूट दाबली तिच्यावर
आणि माझ्याकडे न बघता
पुढची ओळ धरली.

दुपारी पेज, भाजलेला बोंबील,
बांधावर भेंडीच्या झाडाची ओंजळभर सावली.
संध्याकाळपर्यंत भारे खळ्यावर.
मागे उरली
धसकटं.

इनास खिशातली काडेपेटी वाजवत होता.
गेल्या वर्षी त्यानेच लावली होती.
धूर वाऱ्याने खाडी ओलांडली,
बत्तिसाव्या मजल्यावरून कुणी व्हिडिओ काढला,
चौथ्या दिवशी वहीवाला एक माणूस आला :
आग कुणाची?
आईने त्याला चहा दिला, नाव दिलं नाही.
पण खरं सांगायचं तर
वहीचं कुणाला काही वाटलं नाही.
घरात नाताळपर्यंत जळका वास होता,
रव्याच्या केकलासुद्धा.
आणि त्या राखेत मावशीचे वाल
बोटभर येऊन पिवळे पडले.

म्हणून यंदा ती आधीच येऊन बसलेली.
ओच्यात रात्रभर भिजवलेले कडवे वाल,
हातात टोकदार केलेली मोडकी छत्रीची दांडी.
दोन धसकटांच्या मध्ये भोक, दोन दाणे,
टाचेने माती.
"राहू दे उभं," इनासला म्हणाली,
"ओल धरून ठेवतं ते.
आणि वालाला टेकायला काहीतरी लागतंच की.
माणसाला लागतं तसं."
इनासने काडेपेटी परत खिशात टाकली,
विडी मात्र त्याच काडीने पेटवली.

मी दाणे घेऊन तिच्या मागे निघाले
आणि चार पावलांत ओरडले.
दहा वर्षं गुळगुळीत फरशीवर चाललेले माझे पाय.
"टाकू नको गं पाऊल.
सरकव.
उचललास की टोचणार.
पुढचं वाकव, मग त्याच्यावर उभी राहा."
सरकवलं.
वाळकी बुडखं करकर वाकत गेली
पावलाखाली, एका बाजूला.
बांधापासून बांधापर्यंत मी अशी गेले,
जमिनीला कळू न देता चालल्यासारखी.

समोर दोन बगळे
पाय चांगले गुडघ्यापर्यंत उचलत,
ऐटीत, धसकटांतून किडे टिपत होते.
त्यांना कसं टोचत नाही? मी विचारलं.
मावशी म्हणाली, त्यांचं वजन किती,
तुझं किती.

सोमवारी काउंटरवर
घोट्यावरचे ओरखडे मोज्याला चिकटत होते.
टेबलाखाली पाऊल
आपोआप सरकायचं.
मुदत ठेवीचा फॉर्म भरून घेताना
एका गृहस्थांनी विचारलं,
मॅडम, पाय दुखतोय का?
नाही म्हटलं. सही इथे.

दहाव्या दिवशी मावशीचा फोन.
"उगवले.
बांधाकडची ओळ भरली, खाडीकडचीही.
मधल्या पट्ट्यात मात्र काहीच नाही."
मग थोडं थांबून,
तिकडे मागे कोंबडा ओरडत असताना,
"तिथून तू चालली होतीस."