सेकंड माल

गड्ड्यावर, मौत का कुआच्या पलीकडे,
पिपाण्या आणि फुग्यांच्या राशीत तो पडला होता.
नव्वद रुपये. मी साठ म्हणालो.
दुकानदारानं तो माझ्या कानाशी हलवला,
"आवाज येतोय की बे, म्हणजे आत मशीन हाय."
आत एक सुटा स्क्रू होता. अजून आहे.

लेन्स प्लास्टिकची. मागचं झाकण प्लास्टिकचं,
त्याची खिट्टी हलत्या दुधाच्या दातासारखी.
शटरला एकच वेग ठाऊक: टक.
अंतरासाठी तीन चित्रं काढलेली,
एक माणूस, चार माणसं, एक डोंगर.
सोलापुरात डोंगर कुठून आणायचा?
मी काटा डोंगरावर ठेवला
आणि बंद गिरणीच्या चिमणीचा फोटो काढला.

हत्तुरेंच्या लॅबमध्ये रोल फक्त गुरुवारी धुतला जायचा,
रोज रसायन कालवावं एवढं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.
इरण्णा हत्तुरे आधी निगेटिव्ह बघत, मग मला,
एक्स-रे हातात धरलेला डॉक्टर बघतो तसं.
"छत्तीसचा घातलास, अकरा आलेत.
त्यात पण ऊन शिरलंय बघ."
शिरलंच होतं. झाकणाच्या फटीतून,
मे महिन्याचं, त्रेचाळीस डिग्रीचं, थेट फिल्मवर.
उजव्या कोपऱ्यात नारिंगी जीभ,
फोटोनं मला वेडावून दाखवलेली.

मग काळी चिकटपट्टी लावली, सगळ्या सांध्यांवर.
पुढचा रोल शहाणा आला.
कंबर तलाव कंबर तलावासारखा,
किल्ला बँकेच्या कॅलेंडरातल्या किल्ल्यासारखा.
हत्तुरे खूश. पैसेही कमी घेतले.
घरी येऊन मी पट्टी सोलली.
पूर्ण नाही. बोटभर.

आईचा तो फोटो मी ठरवून नाही काढला.
ती दारात विड्या वळत होती, सूप मांडीवर,
हजाराचा हिशेब, म्हणून मान वर नाही.
टक.
फिल्म पुढे सरकवायची राहिली.
हा कॅमेरा आठवण करत नाही, अडवतही नाही,
त्यामुळे संध्याकाळी मल्लेशममामाच्या शेडमधला
पॉवरलूम तिच्यावरच जाऊन पडला. टक.
गुरुवारी दोघं एकाच चौकटीत:
तिच्या कपाळातून ताणा गेलेला,
विडीच्या जागी धोटा,
आणि पदर कुठे संपून चादर कुठे लागते
ते सापडेना.
"एमिरा इदी?" आई म्हणाली,
आणि तंबाखूचे हात पुसून पुन्हा बघायला मागितला.

अप्पा एकतीस वर्षं फोल्डिंग खात्यात.
चादर ट्यूबलाइटखाली ताणायची, डोळे बारीक करायचे,
खोट दिसली की खडूनं गोल:
सुटलेला धागा, तेलाचा डाग, एका पायाचा मोर.
गोल पडला की पीस सेकंडच्या ढिगात.

त्यांनी फोटो ट्यूबलाइटखाली धरला.
दोन्ही कडा चिमटीत घेऊन ताणल्या,
कागद ताणला जात नाही तरी.
कानावरची पेन्सिल काढली,
नारिंगी डागाभोवती एक गोल,
आईच्या कपाळाभोवती दुसरा.
मी हात पुढे केला, परत घ्यायला.
"नगावर जायचा नाही हा," म्हणाले, "किलोवर जाईल."
आणि कपाट उघडून
घरातल्या चादरींच्या थप्पीत, मधोमध,
सरकवून दिला.

आमच्या घरी फर्स्ट माल कधी आलाच नाही.
लहानपणी मी ज्या मोराखाली झोपायचो
त्याला एकच पाय होता,
आणि मला वाटायचं,
मोर तसेच असतात.