मीठ घातलंस का

संपादकबाई म्हणतात, पहिल्या प्रकरणात
आईच्या हाताचा वास हवा. वेलदोडे, तूप, असं काहीतरी उबदार.
मी लिहून पाठवलं: वुल्वरहॅम्प्टन, तिसरा मजला,
गॅसच्या मीटरला पन्नास पेन्सचं नाणं लागायचं.
त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

आईचा वास मला आठवतो तो खोबरेलाचा आणि गोळ्यांचा.
त्या हिवाळ्यात ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच.
बाबा ओतशाळेतून यायचे, बहुतेकदा सरळ घरी नाही,
आणि शुक्रवारचा पगार शनिवारी सकाळी
त्यांच्या डोळ्यांत लाल दिसायचा.
जयवंत चार वर्षांचा, मी नऊची.
शाळेतलं जेवण पाच दिवस.
उरलेले दोन आमचे आम्हाला.

तर एका रविवारी, खालच्या मजल्यावरच्या डोरीनबाईंनी दिलेली
वाटाण्याची डाळ रात्रभर भिजवून,
त्यात वाटीभर तांदूळ. एकच पातेलं.
फोडणी नाही. हळद संपून महिना झालेला.
उकळी आली, जरा रटरटलं,
आणि ज्योत बसली. फुस्.
कोटाचे खिसे मी सकाळीच उलटे करून झाले होते.

जयवंतने भोकाड पसरलं.
मी पातेलं बाबांच्या त्याच कोटात गुंडाळलं,
वर ब्लँकेट, आणि पलंगावर आईच्या पाठीला लावून ठेवलं,
घरात ऊब असलेली तेवढीच जागा.
मग पाढे म्हणत बसले. तेराच्या पाढ्याला अडले,
पुन्हा दोनपासून.

झाकण काढलं तर शीत न् शीत फुललेलं.
कुणी शिजवलं हे? मी नाही, गॅसनेही नाही.
वाफ पसरली. आई वळली नाही,
पण भिंतीलाच विचारावं तशी म्हणाली,
‘मीठ घातलंस का?’

अकरा आठवड्यांतलं पहिलं वाक्य.
नव्हतं घातलं.

आता बर्मिंगहॅमला माझ्या हाताखाली चौदा जण.
टेबल मिळायला तीन आठवडे लागतात,
मंद आचेवरच्या माझ्या हाताचं कौतुक छापून येतं.
तो भात मात्र मेनूवर नाही.
किंमत काय लावू?

काल प्रकरण परत आलं. समासात पेन्सिलने:
मग आई उठली का?

नाही हो. उठली ती मार्चमध्ये.
त्या दिवशी तिने नुसता हात मागे केला,
वाटीसाठी.