पेव नंबर चौदा

आदगोंडा मगदूम दुकानात आले
तेव्हा मी एका प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत होतो.
काउंटरवर पोतं ठेवलं,
हळदीचंच, तोंड सुतळीनं शिवलेलं,
आणि म्हणाले, सुरी हाय काय?

आत कॉम्प्युटर.
वहीएवढा, काळा, रबरी बटणांचा.
बटणांच्या फटींत पिवळं बसलेलं,
स्पिरिटनंही न जाणारं.
शेटजींच्या पोरानं सिंगापूरहून आणला,
चार दिवस खेळला,
मग तो पेढीवर आला, लाल वह्यांच्या शेजारी,
आणि दिवाणजी शिकले.
इंग्रजी मला तेवढंच येतं, म्हणाले,
प्रिंट, इफ आणि गो टू.

झाकण उघडलं. कीबोर्डची फीत
बोट लागताच पापडासारखी मोडली.
मशीन गेलं, म्हणालो, पण माल कॅसेटीत आहे.
सात कॅसेटी. वर्षं शाईनं लिहिलेली.

भजनी मंडळाचा टेपरेकॉर्डर मागून आणला,
हेडफोनच्या भोकातून वायर पीसीला,
आणि प्ले दाबलं.
आधी एक लांब, सरळ शिट्टी,
मग किरकिर, मग नुसता किरकिराट.
शेजारचा चहावाला डोकावून गेला.
पडद्यावर: एरर.
पुन्हा. एरर.

घाई करू नका, मगदूम म्हणाले.
हरिपूरला पेव उघडलं
की लगेच कुणी उतरत न्हाई.
तोंड उघडं टाकायचं रातभर,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.

घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला,
हेडच्या स्क्रूला पाव फेरा दिला,
परत थोडा मागं.
आवाज एकदम धारदार झाला
आणि पडद्याच्या कडेनं पट्टे पळू लागले,
निळे, पिवळे, निळे, पिवळे.

हां, ते म्हणाले. आता कंदील पेटता हाय.

दुपारपर्यंत सहा कॅसेटी उतरल्या.
पेवांचे नंबर, पोती, भाव,
तुंग, कवलापूर, बेडग,
रुमालाखाली बोटं दाबून ठरलेले सगळे सौदे.
सातवी लावली तेव्हा
त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

सत्त्याऐंशीचा पाडवा, म्हणाले.
पेव नंबर चौदाच्या हिशोबात
चारशे बारा रुपये कमी.
शेटजी काहीच बोलले न्हाईत.
फक्त तिजोरीची किल्ली
त्या दिवसापास्नं त्यांच्या कमरेला.
मी सायकल विकून भरले.

आम्ही दोघं ओळीनं वाचत गेलो.
चष्मा कपाळावर, बोट पडद्यावर, काचेला पिवळा ठसा.
दोनशे चाळीस: वसुली, कवलापूर, चारशे बारा.
दोनशे पन्नास: वसुली, कवलापूर, चारशे बारा.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.

बटण अडकायचं हो, ते म्हणाले.
आलं का न्हाई कळायचं न्हाई. परत दाबायचो.
मग हसले, खांदे हलेपर्यंत.
म्हणजे पैसे गेलेच नव्हते.
उलट शेटजींकडं माझेच निघतात,
आणि शेटजी जाऊन झाली एकोणीस वर्षं.

दुरुस्त करू का? एकच ओळ खोडायची आहे.
नको, म्हणाले. जशी हाय तशी घाला.

पेन ड्राइव्ह चष्म्याच्या डबीत गेला.
कॉम्प्युटर पोत्यात. दाभण हाय काय?
दाभण नव्हतं; मी पॅकिंगची टेप दिली,
ती त्यांना पसंत पडली नाही.

दारातून परत फिरले.
तो आवाज? तो बी आलाय का त्यात?
तो काढून टाकतो, म्हणालो, त्याचं काम झालं.
आं? हमाल म्हणायचे,
दिवाणजींची टिटवी ओरडली, चला, सुटली पेढी.
तेवढी घाला की.

घातली.
पाच वर्षांचा हिशोब मिळून दोनशे केबी.
एकटी टिटवी
एक जीबीच्या वर.