खो

पोल डाइव्ह मारताना अखिलाचा अंदाज चुकला,
खांब कपाळाच्या वर, डाव्या बाजूला लागला.
रक्त नाही. टेंगूळही लहानच.
संध्याकाळी तिनं मला तीनदा विचारलं,
"नान्ना, आज वार कोणता?"

डॉक्टर म्हणाले, फोटोत काही दिसत नाही,
पण मेंदूला हादरा बसलाय.
दोन दिवस आराम, मग हळूहळू.
मोबाइल नको. गोंगाट नको.
गोंगाट नको!
दाजी पेठेत आमच्या खोलीखाली चार माग,
आणि ते चालवणारा मीच.

वीज गेली की आजवर शिव्या घालणारा मी
त्या आठवड्यात बल्बकडे बघून म्हणायचो,
जा गं बाई, तासभर तरी जा.
गेलीच नाही.
शेवटी मालकाला सांगून दुपारचे दोन तास बंद ठेवले,
मजुरी कापून.
तिला झोप लागली.
माझ्या कानात मात्र माग चालूच.

सोमवारी अर्धी शाळा.
येमूल बाईंनी तिला खिडकीपासून लांब बसवलं,
आपलं ऊन काय असतं ते त्यांनाही ठाऊक.
मंगळवारी कुणाला न सांगता
पूर्ण दिवस बसून आली, हौसेनं.
रात्री डोकं धरून भिंतीकडे तोंड.
बुधवारी पुन्हा अर्धी,
तिला वाटलं, आपण नापास झालो.
मी म्हटलं, अगं, धागा तुटला की
मीही माग थांबवतो, दोन ओळी मागे येतो,
नाहीतर चादरीवरच्या मोराची मान वाकडी होते.
"मी काय चादर आहे?" ती म्हणाली.
बरोबर होतं तिचं.

आता मैदानावर जाते. चालते.
परवापासून एकटीनं हलकं पळायचं,
डोकं दुखलं तर पुन्हा चालणं.
खांब अजून लांब आहे.
शेजारची विचारते, पोरगी धडधाकट दिसते की,
खेळत का नाही?
अखिला सांगते, "डॉक्टरांनी खो घातलाय."

काल लवकर सुटलो, कुंपणापाशी थांबलो.
सराव संपला होता, मुली नळावर होत्या.
ही एकटीच आपल्या चौकोनात बसलेली,
एक गुडघा वर, हात जमिनीला टेकलेले.
नळावरून येता येता कुणीतरी तिच्या पाठीला हात लावला,
ओरडली नाही, कानाशी हळूच म्हणाली, खो.

ती उठली नाही.
बोटं तेवढी मातीत जरा रुतली.